नेस्टेड हायपरवायझरसाठी प्रॉक्समॉक्स: सोलापुरातील एका प्रशिक्षण वर्गाचा दोन वर्षांचा अनुभव

जुळे सोलापुरात मी सर्व्हर प्रशासनाचा एक छोटा वर्ग चालवतो. एका तुकडीत १२ विद्यार्थी असतात. त्यांतले बरेचसे पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या घरांतून आलेले असून पदविका किंवा पदवीचे शिक्षण घेता घेता संध्याकाळी येतात. हायपरवायझर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर, शिकायचा तर तो प्रत्येकाने स्वतः बसवला पाहिजे, त्याचे नेटवर्क स्वतः जोडले पाहिजे आणि चुकल्यावर पुसून पुन्हा उभारला पाहिजे, हा माझा आग्रह आहे. १२ जणांसाठी १२ सर्व्हर घेणे मात्र माझ्या आवाक्यातले नव्हते. म्हणून एकाच मोठ्या सर्व्हरवर प्रत्येकाला एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, द्यायची, तिच्यात त्याने स्वतःचा हायपरवायझर बसवायचा आणि त्याच्या आत पुन्हा तीन छोट्या व्हीएम चालवायच्या, अशी नेस्टेड, म्हणजे एकात एक बसवलेली, रचना मी दोन वर्षांपूर्वी स्वीकारली. तिच्या मुळाशी प्रॉक्समॉक्स व्हीई आहे. हे परीक्षण त्याच उत्पादनाचे आहे, पण एका मर्यादित अंगाने: आतली व्हीएम अचानक कोसळते तेव्हा कारण शोधणाऱ्याच्या हाती हे सॉफ्टवेअर काय देते, एवढ्या एकाच कसोटीवर मी ते पारखले आहे.

प्रॉक्समॉक्स हे व्हिएन्नातील एका कंपनीचे, डेबियन लिनक्सवर उभे असलेले उत्पादन आहे. व्हर्च्युअलायझेशनचे प्रत्यक्ष काम त्यात लिनक्स कर्नलमधला, म्हणजे त्याच्या गाभ्यातला, केव्हीएम आणि त्याच्या जोडीला आभासी डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरे पुरवणारा क्यूईएमयू करतो. केव्हीएम २००७ साली लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत दाखल झाला. परवाना एजीपीएल हा मुक्त-स्रोत परवाना असल्याने शुल्क न भरताही सर्व सुविधा मिळतात. सबस्क्रिप्शन न घेणाऱ्याला लॉगिन करताना तशी सूचना दिसते आणि अपडेट्स वेगळ्या रिपॉझिटरीतून घ्यावे लागतात. वर्गासाठी तेवढे पुरेसे आहे.

कोसळण्याची कारणे समजण्यासाठी रचना थोडी नीट पाहावी लागते. वर्गात आम्ही तिच्या थरांना मजले म्हणतो. खरा सर्व्हर हा तळमजला, विद्यार्थ्याला दिलेली मशीन हा पहिला मजला आणि तिच्या आतली व्हीएम हा दुसरा मजला. तांत्रिक लेखनात यांनाच एल-शून्य, एल-एक आणि एल-दोन म्हणतात. प्रोसेसरला मात्र हे मजले दिसत नाहीत. प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय इंटेलची व्हीटी-एक्स घ्या किंवा एएमडीची एएमडी-व्ही, हार्डवेअरमध्ये सोय आहे ती एकाच हायपरवायझरची. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या व्हीएमला हायपरवायझरकडे जावे लागले, की नियंत्रण आधी थेट तळमजल्यावर येते, तेथला केव्हीएम ते पहिल्या मजल्याच्या हवाली करतो आणि पहिल्या मजल्याने आपले काम उरकले की पुन्हा तळमजल्यामार्फतच वर जाता येते. इंटेल प्रोसेसरवर हे चांगल्या वेगाने करता येते, हे आयबीएमच्या संशोधकांनी २०१० साली टर्टल्स या प्रकल्पातून दाखवून दिले. पुढे २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून इंटेलने या येण्याजाण्यातला काही भाग हार्डवेअरमध्येच उरकण्याची सोय केली, आणि लिनक्सच्या ४.२० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून, इंटेलवरची नेस्टेड सुविधा मुळातच चालू असते. पडझड यांपैकी कोणत्याही मजल्यावर सुरू होऊ शकते. विद्यार्थ्याला पडद्यावर दिसते ती मात्र सर्वांत वरची. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. माग थांबला की ते कापडाकडे नंतर पाहतात, आधी मागच्या बाजूला जाऊन ताण्याचा धागा कोठे तुटला ते शोधतात, असे त्याने एकदा सांगितले. आमच्या कामाचा क्रम याहून वेगळा नाही.

वर्गाच्या मुख्य सर्व्हरमध्ये इंटेल झिऑन ई५-२६८० व्ही४ हे दोन प्रोसेसर आहेत, म्हणजे २८ कोअर आणि ५६ थ्रेड. मेमरी १२८ जीबी, १६ जीबीच्या आठ मॉड्यूलमध्ये. हा सर्व्हर मी वापरलेला घेतला. प्रात्यक्षिकांची तयारी करण्यासाठी शेजारी एएमडी रायझनची ६४ जीबीची दुसरी मशीन आहे.

पहिला मोठा त्रास मेमरीचा निघाला, पण तो मेमरीचा आहे हे कळायला मला तीन दिवस लागले. संध्याकाळी सहा वाजता सर्वांच्या मशीन सुरू होत आणि सात वाजेपर्यंत सारे सुरळीत चाले. साडेसातच्या सुमारास कोणीतरी हात वर करून म्हणे, "सर, माझी मशीनच गेली." ब्राउझरमधला कन्सोल काळा पडलेला असे आणि डावीकडच्या यादीत त्या मशीनपुढे ती बंद असल्याची खूण असे. ती पुन्हा सुरू करून तिचा लॉग वाचला, की शेवटची नोंद एखाद्या साध्या सेवेची निघे आणि त्यानंतर काहीच नसे. कर्नल कोलमडल्याची, म्हणजे पॅनिकची, नोंद नाही, शटडाउनची नोंदही नाही. रोज वेगळ्या विद्यार्थ्याची मशीन जाई. नेस्टेड रचना नवी असल्याने माझा संशय साहजिकच तिच्यावर गेला, आणि मी प्रोसेसरचे प्रकार बदलत बसलो. चौथ्या दिवशी तळमजल्यावरचा कर्नल लॉग पहिल्यांदा नीट वाचला, तेव्हा साडेसातच्या वेळेसमोर 'आउट ऑफ मेमरी' आणि त्यापुढे 'किल्ड प्रोसेस' असे शब्द व केव्हीएमच्या एका प्रोसेसचा क्रमांक सापडला. मशीन कोसळली नव्हती. तळमजल्यावरच्या कर्नलने स्वतःला वाचवण्यासाठी सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस मारली होती.

हिशेब मांडल्यावर चूक माझीच दिसली. १२ मशीनना प्रत्येकी १० जीबी दिल्याने बेरीज १२० जीबी होत होती. साठवणुकीसाठी झेडएफएस ही फाइल सिस्टिम होती, आणि तिची एआरसी नावाची, डिस्कवरचा डेटा मेमरीत जपणारी कॅशे तेव्हा लिनक्सवर मुळात एकूण मेमरीच्या निम्म्यापर्यंत वाढू शकत असे. प्रॉक्समॉक्सच्या ८.१ आवृत्तीपासून इन्स्टॉलर ही मर्यादा एकूण मेमरीच्या १० टक्क्यांवर, आणि तीही जास्तीत जास्त १६ जीबीवर, आणून ठेवतो. पण ती फक्त नव्याने बसवलेल्या सर्व्हरला लागू होते. मी सातव्या आवृत्तीवरून वर आलो होतो, त्यामुळे माझ्याकडे जुनी मर्यादा तशीच राहिली होती. आता साडेसातचेही कोडे उलगडले. व्हीएमला दिलेली मेमरी तळमजला लगेच बाजूला काढून ठेवत नाही. मेमरीच्या ज्या पानाला, म्हणजे छोट्या तुकड्याला, पहिला स्पर्श होतो ते पान त्या क्षणी खरोखर दिले जाते. सहा वाजता पहिले मजले रिकामे असत. साडेसातला सर्व विद्यार्थी आपापल्या आतल्या तीन व्हीएम एकाच वेळी सुरू करत, आणि कागदावरचे १० जीबी प्रथमच खऱ्या मेमरीत उतरू लागत. दाब वाढला की एआरसी आकसते, पण एवढ्या घाईच्या मागणीला पुरेल इतक्या चपळाईने ती आकसेलच याचा भरवसा नाही.

येथे उत्पादनाचे एक उणे स्पष्ट सांगितले पाहिजे. दिलेल्या मेमरीची बेरीज प्रत्यक्ष मेमरीपेक्षा जास्त झाली तरी प्रॉक्समॉक्स अडवत नाही. अनुभवी प्रशासकाला ती मोकळीक हवी असते, हे मला मान्य आहे. पण मेमरीअभावी मशीन मारली गेल्यावर ते कारण वेब पॅनेलमधल्या त्या मशीनच्या स्वतःच्या पानावर मिळत नाही, ते नोडच्या, म्हणजे तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या, सिस्टिम लॉगमध्ये जाऊन शोधावे लागते, आणि नवशिक्याला तेथे जाण्याचे सुचतच नाही. तळमजल्याची मेमरी दाखवणारा आलेख चांगला आहे आणि तो रोज पाहण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. आता एआरसीला १६ जीबीची मर्यादा घातली आहे, तळमजल्यासाठी सुमारे १६ जीबी मोकळी ठेवली आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला १० ऐवजी ८ जीबी दिली आहे. त्यातून आतल्या तीन व्हीएमना प्रत्येकी २ आणि पहिल्या मजल्याला स्वतःसाठी २ उरतात. जेमतेम आहे, पण त्यानंतर एकही मशीन अशी नाहीशी झालेली नाही.

या प्रसंगापासून कोणतीही तक्रार आली की मी प्रथम एकच गोष्ट विचारतो: पहिला मजला किती वेळापासून चालू आहे? लिनक्समध्ये अपटाइम ही आज्ञा ते सांगते. तळमजल्यावरची प्रोसेसच नाहीशी झाली असेल, तर उत्तर तळमजल्याच्या लॉगमध्ये असते आणि वर काही शोधणे व्यर्थ ठरते. प्रोसेस जिवंत आहे पण अपटाइम मिनिटांवर आला आहे, असे असेल तर पहिल्या मजल्याचे कर्नल पडून मशीन पुन्हा सुरू झालेली असते. अपटाइम शाबूत आणि फक्त आतली व्हीएम गेलेली, तर पहिल्या मजल्याचा लॉग उघडायचा. बहुतेक वेळा त्या छोट्या जागेत हीच मेमरीची कथा पुन्हा घडलेली असते. मधल्या प्रकारात एक अडचण येते, ती म्हणजे कर्नल पडताना त्याचे शेवटचे शब्द डिस्कवर उतरतीलच असे नाही. यावर प्रॉक्समॉक्समध्ये फार उपयोगी सोय आहे. मशीनला सिरियल पोर्ट जोडता येतो. आतल्या कर्नलला त्याचे संदेश त्या पोर्टवरही पाठवायला सांगितले आणि ते तळमजल्यावरच्या फाइलीत साठवले, की मशीन मेली तरी तिची जबानी मागे उरते. वर्गातल्या सर्व मशीनना मी हा पोर्ट पहिल्या दिवशीच जोडून देतो. या एका सोयीसाठीसुद्धा मी हे उत्पादन निवडले असते.

सिरियल पोर्टवरच्या फाइलींनी लगेच दुसरी गोष्ट दाखवली. विद्यार्थी ज्याला क्रॅश म्हणत होते त्यातल्या अनेक वेळी मशीन पडलेलीच नव्हती. फाइलीत 'सॉफ्ट लॉकअप' असा इशारा आणि अमुक प्रोसेसर २२ सेकंद अडकला अशी ओळ होती. लिनक्सचा पहारेकरी साधारण २० सेकंद एखाद्या प्रोसेसरवर पहाऱ्याच्या कामाला वाव मिळाला नाही की ओरडतो, म्हणून आकडा बहुधा २२ किंवा २३ असा दिसतो. कर्नलमधल्या खऱ्या दोषानेही असे होऊ शकते. आमच्याकडे मात्र मी प्रत्येक मशीनला आठ व्हर्च्युअल प्रोसेसर दिले होते, म्हणजे एकूण ९६, आणि खरे थ्रेड ५६. पहिल्या मजल्याला आपला प्रोसेसर सलग चालू आहे असे वाटत असते, प्रत्यक्षात तळमजल्याने तो काही काळ दुसऱ्याला दिलेला असतो, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या ये-जेचा खर्च त्यावर आणखी चढतो. प्रत्येकाला चार प्रोसेसर दिल्यावर बेरीज ४८ झाली आणि त्या ओळी थांबल्या. मशीनला जास्त दिले की ती जास्त वेगाने चालेल, हा समज येथे नेमका उलटा पडतो.

प्रोसेसरच्या प्रकाराबद्दल थोडे. आठव्या आवृत्तीपासून वेब पॅनेलमधून नवी मशीन बनवली की तिला मिळणारा प्रोसेसरचा मूळ प्रकार जुन्या-नव्या सर्व्हरवर सारखा चालावा असा बेतलेला आहे, आणि त्यात व्हर्च्युअलायझेशनची सुविधा आत पोहोचत नाही. नेस्टेड वापरासाठी प्रकार 'होस्ट' असा बदलावा लागतो. तो बदलला नाही तर आतल्या प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम सुरू करताना केव्हीएम उपलब्ध नसल्याचा संदेश येतो आणि त्यातच केव्हीएम बंद करण्याचा पर्याय सुचवलेला असतो. तो पर्याय घाईने स्वीकारला तर व्हीएम चालते खरी, पण निव्वळ सॉफ्टवेअरच्या अनुकरणावर, आणि इतकी मंद की ती गोठली आहे असेच वाटते. उलट बाजूची चूकही तितकीच त्रासाची आहे. सगळीकडेच 'होस्ट' दिले आणि त्या मशीनवर विंडोज ११ बसवले, तर विंडोज आपल्या कोअर आयसोलेशन या सुरक्षा-सोयीसाठी आतमध्ये स्वतःचा हायपरवायझर सुरू करू शकते. आपल्याला साधी एक व्हीएम हवी होती, आणि नकळत आणखी एक मजला चढला. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये व्हर्च्युअलायझेशनवर आधारित सुरक्षा चालू आहे का, हे मी आता आधीच पाहून घेतो, आणि दुसऱ्या मजल्यावर 'होस्ट' हा प्रकार कोणालाही देऊ देत नाही.

संदेशांच्या भाषेबद्दल एक तक्रार केव्हीएम आणि क्यूईएमयू यांच्या जोडीविषयी आहे. व्हीएमला प्रवेश देता आला नाही की 'एंट्री फेल्ड, हार्डवेअर एरर' असे शब्द आणि त्यापुढे ८०००००२१ हा षोडशमान आकडा येतो. हार्डवेअर हा शब्द वाचून माणूस मेमरीची मॉड्यूल काढून पुसू लागतो. या आकड्यातला पहिला ८ एवढेच सांगतो की प्रवेशच अयशस्वी झाला, आणि शेवटचे २१ दशमान पद्धतीत ३३ होतात. इंटेलच्या यादीत ३३ क्रमांकाचे कारण आहे ते व्हीएमची स्थिती अवैध असल्यामुळे प्रवेश नाकारला गेल्याचे. म्हणजे प्रोसेसरने आपले काम चोख केले आहे. त्याच्यासमोर जी स्थिती ठेवली गेली तीच नियमांत बसत नव्हती, आणि नेस्टेड रचनेत ती स्थिती पहिल्या मजल्याच्या मागणीतून आणि तळमजल्याच्या नोंदींतून जुळवून बनवलेली असते. अशा वेळी दोन्ही मजल्यांवरच्या कर्नलच्या आवृत्त्या पाहाव्यात, आधी तळमजल्याची अद्ययावत करावी आणि स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवावा. खऱ्या हार्डवेअरचा दोष असला तर तो बहुधा असा एका ठरावीक आकड्याने पुन्हा पुन्हा येत नाही. तो आज या मशीनला, उद्या त्या मशीनला धरतो, आणि स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असेल तर तिच्या दुरुस्त केलेल्या चुकांची नोंद तळमजल्याच्या लॉगमध्ये आधीपासून साचू लागलेली असते. एप्रिल-मेमध्ये येथे पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा मी त्या नोंदी आणि प्रोसेसरचे तापमान रोज वर्ग सुरू होण्यापूर्वी पाहतो.

सर्वांत वाईट पडझड एएमडीच्या मशीनवर झाली. तयारीच्या पहिल्या मजल्यावर आत दोन व्हीएम चालू असतानाच मी मेमरीसह स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची साठवलेली प्रत, घेतला, दुसऱ्या दिवशी त्यावर परतलो आणि काही क्षणांतच पहिल्या मजल्याचे कर्नल पॅनिक होऊन पडले. पुन्हा परतलो, पुन्हा पडले. याचे उत्तर लिनक्स कर्नलसोबतच्या दस्तऐवजात स्वच्छ शब्दांत लिहिलेले आहे: एएमडीवर पहिल्या मजल्याने आतली व्हीएम एकदा सुरू केली, की ती बंद होईपर्यंत त्या मजल्याचे दुसऱ्या सर्व्हरवर स्थलांतर करू नये किंवा त्याची चालू अवस्था साठवून पुन्हा उभी करू नये, तसे केल्यास काय होईल ते निश्चित नाही, आणि कर्नल पॅनिक हे संभाव्य परिणामांपैकी एक. इंटेलवर आत व्हीएम चालू असताना स्थलांतर लिनक्स ५.३ आणि क्यूईएमयू ४.२ पासून चालते, असेही तेथेच नमूद आहे. मेमरीसह स्नॅपशॉट म्हणजे चालू अवस्था साठवणेच, पण बटण दाबताना हे माझ्या लक्षात आले नव्हते. आता दोन्ही मशीनवर नियम एकच आहे: आतल्या व्हीएम रीतसर बंद करायच्या, मग पहिला मजला बंद करायचा, आणि मेमरीची खूण काढूनच स्नॅपशॉट घ्यायचा.

इतर पर्याय मी तुलनेसाठी वापरून पाहिले. हायपर-व्ही विंडोज सर्व्हर २०१६ पासून नेस्टेड चालवतो, एएमडीवर मात्र सर्व्हर २०२२ आणि विंडोज ११ पासून. मशीन बंद असताना एका पॉवरशेल आज्ञेने सुविधा चालू करावी लागते आणि आत हायपर-व्ही चालू असेपर्यंत त्या मशीनची मेमरी कमी-जास्त होत नाही. मेमरीच्या बाबतीत हा कडकपणा नवशिक्याच्या हिताचाच आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही सोय एएमडीसाठी ६.० आणि इंटेलसाठी ६.१ पासून आहे. एखाद्या विद्यार्थ्याला घरी लॅपटॉपवर सराव करायला ते ठीक. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना मोफत आहे, पण विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर चालू असलेल्या लॅपटॉपवर ते नेस्टेड सुविधा देऊ शकत नाही, आणि नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मेमरी इंटिग्रिटी या सुरक्षा-सोयीमुळे तो बहुधा चालूच असतो. माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात येणारी निम्मी कोडी याच एका कारणाची असतात. लॉग वाचण्याची जी मोकळीक प्रॉक्समॉक्समध्ये मिळते, ती मला या तिन्हींत मिळाली नाही, कारण त्याच्या तळाशी साधे लिनक्स आहे आणि कोणताही मजला आपल्यापासून लपवलेला नाही.

सोलापुरात किंवा आसपास कोणी असाच वर्ग सुरू करत असेल, तर पैसे प्रथम मेमरीत घालावेत असे मी आग्रहाने सांगेन. ३२ जीबीच्या एका मशीनवर ८ जीबीचे तीन पहिले मजले बसतात आणि चौथा बसवण्याचा मोह टाळावा लागतो. माझ्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरला मेमरीच्या चार वाहिन्या आहेत आणि आठही वाहिन्यांत सध्या एकेक मॉड्यूल आहे. त्यामुळे वाढ करायची तर आठही ठिकाणी सारखी करायला हवी. ८ जीबीची वापरलेली आठ मॉड्यूल मिळाली की एकूण १९२ जीबी होतील आणि प्रत्येक विद्यार्थ्याला १२ जीबी देता येतील. ती हाती येईपर्यंत पुढच्या तुकडीलाही ८ जीबीच मिळतील, आणि आतल्या तीन व्हीएम सर्वांनी एकदम सुरू न करता रांगेने सुरू करायच्या, असे फळ्यावर आधीच लिहून ठेवले आहे.